लहान संगणक जागा कसा होतो

बंगळूरचा सिंप्यूटर, आर्म जातीचे प्रोसेसर आणि घरगुती सर्व्हर

घराच्या एका कोपऱ्यात, पुस्तकांच्या फळीवर, साबणाच्या डबीएवढी एक पेटी रात्रंदिवस चालू असते. तिला पडदा नसतो, कळफलकही नसतो. एक बारीकसा दिवा तेवढा लुकलुकत असतो. कुटुंबातील छायाचित्रे, मुलांचे पाठ, घरखर्चाचे हिशेब, आजोबांच्या आवाजाची जुनी ध्वनिमुद्रणे असा सारा संग्रह तिच्या पोटात असतो. घरातील कोणत्याही मोबाइलवरून अथवा संगणकावरून मागणी येताच हवी ती वस्तू ती पुरवते. अशा रीतीने इतर यंत्रांची सेवा करणाऱ्या संगणकाला सर्व्हर हे नाव आहे. पूर्वी सर्व्हर म्हटले की थंडगार दालनात ओळीने मांडलेली कपाटे डोळ्यांपुढे येत. आज तेच काम घरापुरत्या मर्यादेत एका तळहाताएवढ्या पाटीवर होऊ शकते.

ह्या पेटीविषयी एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. वीज गेली आणि तासाभराने परत आली, तर कोणीही हात न लावता ती पुन्हा कामाला कशी लागते? वीज जाताच संगणकाची कार्यस्मृती पूर्णपणे पुसली जाते. वीज परत येते त्या क्षणी त्याला काहीच ठाऊक नसते: आपले नाव, आपल्याला किती स्मृती जोडलेली आहे, आपली संचालन प्रणाली कोठे ठेवलेली आहे, ह्यांपैकी काहीही. अशा अवस्थेतून थोड्याच सेकंदांत तो पूर्ण जागा होतो. ही जाग कशी येते हे समजून घेणे केवळ कुतूहलाचे नाही. ज्याला हा क्रम ठाऊक आहे, तो आपले यंत्र बंद पडल्यास पुन्हा चालू करू शकतो. ज्याला तो ठाऊक नाही, त्याला चांगले यंत्रही टाकून द्यावे लागते.

आर्म: कमी विजेवर चालणारा प्रोसेसर

ह्या लहान पेट्यांचा मेंदू म्हणजे आर्म जातीचा प्रोसेसर होय. त्याचा जन्म इंग्लंडमधील केंब्रिज येथे एकॉर्न नावाच्या एका लहानशा संगणक कंपनीत झाला. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर ह्या दोघांनी त्याची मूळ रचना केली, आणि २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली चिप प्रत्यक्ष चालली. तिच्यात सुमारे २५,००० ट्रान्झिस्टर होते. त्याच वर्षी पुढे आलेल्या इंटेल कंपनीच्या ३८६ ह्या प्रोसेसरमध्ये ते सुमारे २,७५,००० होते. थोड्या व सोप्या आज्ञा, पण प्रत्येक आज्ञा झटपट पार पाडायची, हे आर्मच्या रचनेचे मुख्य सूत्र होते.

घटक कमी म्हणून विजेचा खर्चही कमी. पहिल्या चिपविषयी सांगितली जाणारी एक हकीकत प्रसिद्ध आहे. चाचणीच्या वेळी विद्युत्प्रवाह मोजणारा काटा शून्यावर होता, तरी चिप आपले काम बिनचूक करीत होती. शोध घेता असे आढळले की, चिपला वीज पुरवणारी तार जोडलेलीच नव्हती. आसपासच्या संकेतवाहक तारांतून झिरपणाऱ्या अल्पशा विजेवर ती चालत होती.

घरगुती सर्व्हरला हा गुण फार उपयोगी पडतो, कारण त्याला वर्षाचे ८,७६० तास चालू राहायचे असते. पाच वॅट वीज घेणारी पेटी वर्षभर अखंड चालली, तर सुमारे ४४ युनिट वीज खर्च होते. साठ वॅट घेणारा मेजावरचा संगणक तसाच चालू ठेवला, तर हाच आकडा सव्वापाचशे युनिटांवर जातो. शिवाय लहान पेटीला पंखा लागत नाही, आणि म्हणून तिचा आवाजही नसतो.

लिनक्स: सर्वांसाठी खुली प्रणाली

मेंदू मिळाला तरी त्याला वळण लावणारी संचालन प्रणाली लागते. स्मृतीची वाटणी करणे, एकाच वेळी चाललेल्या अनेक कामांना आळीपाळीने प्रोसेसरचा वेळ देणे, साठवण व जाळे ह्यांच्याशी व्यवहार करणे ही कामे ती पाहते. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स ह्याने १९९१ मध्ये अशा प्रणालीचा गाभा लिहिला व तो सर्वांसाठी खुला केला. ह्या गाभ्याला कर्नल म्हणतात, आणि त्याचे लिनक्स हे नाव रूढ झाले. तो मुळात ३८६ प्रोसेसरसाठी लिहिलेला होता. परंतु त्याचे मूळ लेखन सर्वांना वाचता व बदलता येत असल्यामुळे इंग्लंडमधील रसेल किंग ह्यांनी १९९४ मध्ये तो आर्मवर आणण्याचे काम हाती घेतले. २००० च्या ऑगस्टमध्ये डेबियन ह्या स्वयंसेवकांच्या लिनक्स संग्रहाने आपल्या २.२ ह्या आवृत्तीत आर्मचा अधिकृतपणे समावेश केला. कमी वीज आणि खुली प्रणाली ह्यांचा मेळ जमला तो असा.

बंगळूरचा सिंप्यूटर

ह्या मेळाचे महत्त्व ज्यांनी लवकर ओळखले, त्यांत बंगळूरच्या संशोधकांचा समावेश होतो. भारतीय विज्ञान संस्थेच्या संगणकशास्त्र विभागातील स्वामी मनोहर, विजय चंद्रू, व्ही. विनय व रमेश हरिहरन हे चार प्राध्यापक आणि एनकोअर सॉफ्टवेअर ह्या कंपनीचे विनय देशपांडे व त्यांचे सहकारी ह्यांनी १९९९ मध्ये सिंप्यूटर न्यास स्थापन केला. सामान्य माणसाला परवडेल, अनेक भारतीय भाषांत बोलेल आणि निरक्षरालाही वापरता येईल असा हातात मावणारा संगणक तयार करावा, हा न्यासाचा उद्देश होता. साधा, स्वस्त आणि बहुभाषी ह्या गुणांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून सिंप्यूटर हे नाव बनवलेले होते. यंत्राची किंमत नऊ हजार रुपयांच्या आसपास असावी, अशी अपेक्षा होती.

२००१ मध्ये त्याचा नमुना लोकांपुढे आला. त्यात स्ट्राँगआर्म मालिकेतील एसए-१११० हा प्रोसेसर होता. त्याचा वेग २०६ मेगाहर्ट्झ होता. संचालन प्रणाली म्हणून लिनक्सची निवड करण्यात आली होती. ह्या निवडीमागील विचार व्यवहारी होता. प्रत्येक यंत्रामागे परवाना शुल्क द्यावे लागले असते, तर स्वस्त यंत्राची कल्पना तेथेच संपली असती. शिवाय मोजक्या मेगाबाइटांच्या स्मृतीत बसेल अशी काटछाट करण्यासाठी प्रणालीचे मूळ लेखन हाती असणे आवश्यक होते.

एक यंत्र गावातील अनेकांनी वापरावे, आणि प्रत्येकाने आपली माहिती एका लहानशा स्मार्ट कार्डावर जवळ बाळगावी, अशीही योजना होती. कार्ड खाचेत सरकवले की यंत्र त्या माणसाचे. काढले की पुढच्याचे. मजकूर वाचून दाखवण्याची सोयही त्यात केलेली होती. कर्नाटकात जमिनीच्या नोंदींच्या कामी ह्या यंत्राचा उपयोग करून पाहण्यात आला. २००४ च्या मार्चमध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स ह्या बंगळूरच्या सार्वजनिक कंपनीच्या साहाय्याने त्याची अमिडा नावाची आवृत्ती बाजारात आली.

ह्या प्रयत्नातील सर्वांत विशेष गोष्ट अशी की, न्यासाने यंत्राची रचनाही खुली ठेवली. ठरावीक शुल्क भरून कोणत्याही कारखान्याने ते बनवावे, सुधारावे, आणि काही काळाने त्या सुधारणा सर्वांसमोर मांडाव्यात, असा परवाना न्यासाने तयार केला होता. व्यापारात मात्र सिंप्यूटरला अपेक्षित यश लाभले नाही. पन्नास हजार यंत्रे खपतील अशी आशा असता २००५ पर्यंत सुमारे चार हजारच खपली. नंतर मोबाइल झपाट्याने स्वस्त व समर्थ होत गेले, आणि सिंप्यूटर मागे पडला. परंतु लहान आर्म यंत्रावर लिनक्स कसे चालवावे, हा त्याने हाताळलेला प्रश्न पुढे लाखो घरांत पोहोचला.

जाग येण्याच्या पायऱ्या

सिंप्यूटरच्या प्रोसेसरची जाग फार सरळ रीतीने येत असे. एसए-१११० ला वीज मिळाली की तो शून्य ह्या पत्त्यावर जाऊन तेथील आज्ञा वाचू लागतो. त्या पत्त्यावर फ्लॅश स्मृती जोडलेली असते. वीज गेली तरी जिच्यातील लेखन टिकते ती फ्लॅश स्मृती. तिच्या आरंभीच बूटलोडर नावाचा छोटा कार्यक्रम ठेवलेला असतो. बूटलोडर प्रथम घड्याळाचा वेग ठरवतो, मग कार्यस्मृतीचे नियंत्रण सुरू करतो. तोपर्यंत कार्यस्मृती जागेवर असूनही निरुपयोगी असते. तिला ठराविक वेळाने उजाळा देत राहिले नाही, तर तिच्यातील लेखन उडून जाते. त्यानंतर बूटलोडर कर्नलची प्रत कार्यस्मृतीत उतरवतो, यंत्राविषयीची थोडी माहिती त्याच्या हाती देतो आणि बाजूला होतो.

आजच्या घरगुती सर्व्हरमध्ये ह्याच क्रमात काही पायऱ्या वाढल्या आहेत. प्रोसेसर, चित्रदर्शक यंत्रणा आणि जोडण्यांचे नियंत्रक हे सारे आता एकाच चिपवर असतात. त्या चिपमध्ये कारखान्यातच कोरलेली, कधीही न बदलणारी थोडी स्मृती असते. पहिली आज्ञा तेथून वाचली जाते. हा कोरलेला कार्यक्रम एवढेच जाणतो की, पुढचा कार्यक्रम मेमरी कार्डाच्या कोणत्या जागी शोधावा. ऑलविनर कंपनीच्या अनेक चिपा तो कार्डाच्या आरंभापासून आठ किलोबाइट अंतरावर शोधतात. रॉकचिप कंपनीच्या चिपा बत्तीस किलोबाइटांवर. तेथे काही न सापडले, तर चिप दुसऱ्या ठिकाणी पाहते, आणि कोठेच काही नसेल तर स्वस्थ बसते.

तेथे सापडलेला कार्यक्रम फारच लहान असावा लागतो, कारण त्या वेळी चिपच्या पोटातील काही किलोबाइटांची स्मृतीच तेवढी वापरता येते. म्हणून तो कार्यस्मृती चालू करण्याचे एकच मोठे काम करतो, आणि मग आपल्याहून मोठ्या भावाला, म्हणजे मुख्य बूटलोडरला बोलावतो. ह्या कामासाठी यू-बूट नावाचा खुला बूटलोडर जगभर वापरला जातो. त्याचे हे नाव २००२ पासूनचे. यू-बूट कार्ड, चकती अथवा जाळे ह्यांतून कर्नल शोधून काढतो व त्याच्या स्वाधीन यंत्र करतो. कर्नल घरातील साधने ओळखतो, साठवणीवरील मूळ फायलींचा संच जोडून घेतो आणि पहिला साधा कार्यक्रम सुरू करतो. त्या कार्यक्रमाला एक हा क्रमांक मिळतो. पुढचे सर्व कार्यक्रम त्याचीच संतती होत.

इंग्रजीत ह्या साऱ्या क्रियेला बूट म्हणतात. आपल्याच बुटाची पट्टी ओढून स्वतःला वर उचलणे अशा अशक्य गोष्टीचे वर्णन करणाऱ्या त्या भाषेतील एका म्हणीवरून हा शब्द आला. प्रत्यक्षात येथे अशक्य असे काही घडत नाही. दिव्याने दिवा लागावा तसा प्रत्येक लहान कार्यक्रम आपल्याहून थोडा मोठा कार्यक्रम चेतवतो.

रॅस्पबेरी पाय ह्या प्रसिद्ध पाटीची रीत मात्र वेगळी आहे. ही पाटी २९ फेब्रुवारी २०१२ रोजी बाजारात आली. तिच्या पहिल्या आवृत्तीत आर्म प्रोसेसर आधी जागा होतच नाही. चित्रदर्शक यंत्रणा प्रथम जागी होते, कार्डाच्या पहिल्या भागातून आपल्या फायली वाचते, आणि मग आर्मला उठवते. २०१९ च्या चौथ्या आवृत्तीपासून आरंभीच्या कार्यक्रमाचा काही भाग पाटीवरील एका वेगळ्या लहान चिपमध्ये ठेवण्यात आला.

एका प्रणालीला हजार पाट्या

येथे एक मोठी अडचण उभी राहते. मेजावरच्या सामान्य संगणकात मूळ यंत्रणाच संचालन प्रणालीला सांगते की, अमुक अमुक साधने जोडलेली आहेत. त्यामुळे लिनक्सची एकच प्रत निरनिराळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालते. आर्मच्या जगात तशी प्रथा नव्हती. आर्म कंपनी तेव्हा स्वतः चिपा विकत नव्हती. रचना भाड्याने देते. ती घेणारा प्रत्येक कारखाना आपल्या चिपमध्ये घड्याळ, दिवे आणि जोडण्या आपल्या मनाप्रमाणे निरनिराळ्या पत्त्यांवर बसवतो. चुकीच्या पत्त्यावर विचारणा झाली, तर यंत्र गप्प होऊन पडते.

आरंभी ह्यावर उपाय असा होता की, प्रत्येक पाटीला एक क्रमांक द्यावा, आणि त्या पाटीचे सर्व वर्णन कर्नलच्या लेखनातच घालावे. पाट्या थोड्या होत्या तोवर हे चालले. मोबाइलच्या काळात त्यांची संख्या इतकी वाढली की, २०११ मध्ये स्वतः टोरवाल्ड्स ह्यांनी आर्मच्या वर्णनांच्या ह्या पसाऱ्याविषयी उघड नापसंती व्यक्त केली. त्यावर जो मार्ग स्वीकारण्यात आला, तो पूर्वी पॉवरपीसी जातीच्या यंत्रांत रुळलेला होता. यंत्राचे वर्णन कर्नलच्या बाहेर काढून एका वेगळ्या फायलीत लिहावे, आणि बूटलोडरने ती फाइल कर्नलच्या हाती द्यावी. ह्या वर्णनाला डिव्हाइस ट्री, म्हणजे साधनांचा वृक्ष म्हणतात. खोड म्हणजे पाटी, फांद्या म्हणजे चिपमधील जोडमार्ग, आणि पाने म्हणजे एकेक साधन. प्रत्येक पानावर त्याचा पत्ता लिहिलेला असतो. डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या कर्नलच्या ३.७ ह्या आवृत्तीपासून एकच कर्नल अनेक जातींच्या आर्म चिपांवर चालवता येऊ लागला.

ह्यातून ग्राहकाने घेण्याचा बोध उघड आहे. पाटी विकत घेताना तिचा वेग व स्मृती पाहिली जाते. परंतु तिचे वर्णन मुख्य लिनक्समध्ये समाविष्ट झाले आहे काय, हे पाहणे अधिक महत्त्वाचे. ते झाले असेल, तर कारखान्याने पाटीकडे पाठ फिरवली तरी नवे कर्नल तिच्यावर चालत राहतात. झाले नसेल, तर कारखान्याने शेवटचे दिलेले जुने कर्नलच तिच्या कपाळी राहते, आणि त्यातील दोष बुजवणारे कोणी उरत नाही.

ह्याचे एक बोलके उदाहरण आहे. लिंक्सिस कंपनीने २००४ मध्ये एनएसएलयू-२ नावाची पेटी काढली. चकत्या घरातील जाळ्याला जोडणे एवढेच तिचे काम होते. तिच्यात अवघी ३२ मेगाबाइट कार्यस्मृती होती, आणि तिचा प्रोसेसर स्ट्राँगआर्मचा वारस असलेल्या एक्सस्केल घराण्यातला, म्हणजे सिंप्यूटरच्याच गोतावळ्यातला होता. पेटीत लिनक्स आहे हे कळल्यावर जगभरच्या हौशी लोकांनी तिच्या जागे होण्याचा क्रम शोधून काढला. २००७ मध्ये आलेल्या डेबियनच्या चौथ्या आवृत्तीत तिच्यासाठी स्थापनेची सोयही झाली. चकत्या वाटणारी ती साधी पेटी कोणाच्या घरी पत्रव्यवहार सांभाळू लागली, तर कोणाच्या घरी संगीत वाजवू लागली.

स्थापनेची रीत

आता अशा पाटीवर लिनक्स कसे बसवतात ते पाहू. पहिले काम म्हणजे पाटीचे व तिच्यावरील चिपचे नेमके नाव वाचणे. एकाच मालिकेतील दोन पाट्या दिसायला सारख्या असल्या, तरी एकीची प्रणाली दुसरीवर चालेलच असे नाही. प्रोसेसर ३२ बिटांचा आहे की ६४ बिटांचा, हेही पाहावे. त्याप्रमाणे डेबियन, आर्मबियन अथवा पाटीच्या कर्त्याने दिलेल्या संग्रहातून तयार प्रतिमा उतरवून घ्यावी. प्रतिमा म्हणजे संपूर्ण कार्डाची हुबेहूब नक्कल. तिच्याबरोबर ६४ चिन्हांचा एक पडताळा अंक दिलेला असतो. उतरवलेल्या फायलीवरून तोच अंक पुन्हा काढून दोन्ही जुळतात की नाही हे तपासावे. एक अक्षर जरी निराळे निघाले, तर फाइल मार्गात बिघडली किंवा कोणी बदलली असे समजावे.

प्रतिमा कार्डावर नेहमीच्या फायलीप्रमाणे उतरवून चालत नाही. चिप ठरावीक अंतरावर पुढचा कार्यक्रम शोधते हे वर पाहिलेच. म्हणून प्रतिमेतील पहिले अक्षर कार्डाच्या पहिल्या जागी येईल, अशा रीतीने ती लिहिणाऱ्या साधनानेच लिहावी. लिहिण्यापूर्वी आपण निवडलेली साठवण ही कार्डच आहे, संगणकाची मुख्य चकती नव्हे, ह्याची दोनदा खात्री करावी. ह्या ठिकाणच्या चुकीने वर्षांचा संग्रह क्षणात पुसला जातो.

दुसरी काळजी विजेची. बहुतेक पाट्यांना पाच व्होल्ट दाबाने दोन ते तीन अँपिअर प्रवाह लागतो. मोबाइलची जुनी, बारीक तार वापरली, तर मार्गातच दाब उतरतो, आणि पाटी अर्धवट जागी होऊन पुन्हा झोपते. यंत्र सदोष आहे अशा समजुतीने परत केलेल्या कितीतरी पाट्यांत खरा दोष तारेचा असतो.

पाटीला पडदा नसेल, तर तिचे बोलणे ऐकण्यासाठी एक जुनी व खात्रीची सोय आहे. पाटीवर तीन टाचण्या असतात: एक बोलण्याची, एक ऐकण्याची व एक समाईक भूमीची. बंगळूरच्या एस. पी. रोडसारख्या विद्युत्सामानाच्या बाजारात मिळणारा लहानसा जोडक ह्या टाचण्यांना लावून दुसरे टोक संगणकाला जोडावे. पाटीची बोलण्याची टाचणी जोडकाच्या ऐकण्याच्या टाचणीला, आणि ऐकण्याची बोलण्याच्या, अशी अदलाबदल करावी. जोडक ३.३ व्होल्टांचा असावा. पाच व्होल्टांच्या जोडकाने चिप कायमची निकामी होऊ शकते. वेग बहुधा सेकंदाला १,१५,२०० बिट असतो. मग वीज देताच प्रत्येक पायरीचे निवेदन ओळीओळीने दिसू लागते.

हे निवेदन वाचता येणे म्हणजे वैद्याला नाडी पाहता येणे होय. काहीच उमटले नाही, तर दोष विजेत आहे, तारांत आहे, किंवा चिपला कार्डावर आपला कार्यक्रम सापडलेला नाही. यू-बूटचे नाव उमटून पुढे शांतता पसरली, तर कर्नल सापडला नाही, साधनवृक्ष दुसऱ्याच पाटीचा आहे, किंवा कर्नल भलत्याच तारेवर बोलतो आहे. कर्नल पुष्कळ बोलून अखेर मूळ फायलींचा संच मिळत नाही अशी तक्रार करून थांबला, तर कार्डाच्या भागाचे नाव चुकीचे दिलेले असते. साखळी कोणत्या कडीपाशी तुटली हे अशा रीतीने पाहणाऱ्याला कळते, आणि दुरुस्ती तेवढ्या कडीपुरतीच करावी लागते.

प्रथम जाग आल्यावर प्रणाली कार्डाची उरलेली जागा आपल्या ताब्यात घेते आणि दूरवरून सुरक्षितपणे बोलण्यासाठी लागणाऱ्या गुप्त किल्ल्या तयार करते. त्यानंतर पाटी जाळ्याला जोडून दुसऱ्या संगणकावरून तिच्याशी व्यवहार करता येतो. ठेवणीतला परवलीचा शब्द असेल तर तो त्याच क्षणी बदलावा. प्रणालीतील सुधारणा नियमाने घ्याव्यात, आणि घराबाहेरच्या जगासाठी नेमके कारण असल्यावाचून एकही दार उघडे ठेवू नये.

वीज गेल्यावर

बंगळूरमध्ये एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा पाऊस येतो. वादळात झाडांच्या फांद्या विजेच्या तारांवर पडतात आणि वीज अकस्मात जाते. महाराष्ट्रातील गावांनाही हा अनुभव नवा नाही. घरगुती सर्व्हरची खरी कसोटी अशा वेळी लागते. कार्डावर लेखन चालू असतानाच वीज गेली, तर अर्धी नोंद जुनी आणि अर्धी नवी राहते. फ्लॅश स्मृतीत एक अक्षर बदलण्यासाठीही एक मोठा खंड पुसून पुन्हा लिहावा लागतो, म्हणून त्या शेजारच्या निरपराध नोंदीही सापडतात.

लिनक्समधील एक्स्ट-४ ह्या मांडणीने ह्यावर रोजकीर्दीचा उपाय योजला आहे. दुकानदार खतावणीत लिहिण्यापूर्वी व्यवहार कीर्दीत टिपतो, तसा होणारा बदल आधी एका वेगळ्या जागी नोंदला जातो. जागे होताना प्रणाली ती नोंद पाहते. नोंद पूर्ण असेल, तर बदल पार पाडते. अपुरी असेल, तर सोडून देते. त्यामुळे मांडणी शाबूत राहते. परंतु त्या क्षणी लिहिला जाणारा मजकूर वाचेलच, अशी हमी मिळत नाही. शिवाय फ्लॅशचा प्रत्येक खंड मर्यादित वेळाच पुसता येतो, म्हणून सतत लेखन करणाऱ्या कामांसाठी कार्डाऐवजी चकती जोडणे बरे. पाटीला थोडाच प्रवाह लागत असल्यामुळे एक लहान बॅटरीही तिला वादळातून पार नेऊ शकते.

उरलेला उपाय मनुष्याच्या हाती आहे. छायाचित्रे व कागदपत्रे ह्यांची एक प्रत घरातच वेगळ्या चकतीवर, आणि एक प्रत घराबाहेर असावी. चालू प्रणालीच्या कार्डाची हुबेहूब नक्कल करून ते दुसरे कार्ड पेटीजवळच ठेवावे. कार्ड बिघडले, तर घरातील कोणीही ते बदलून पाच मिनिटांत सर्व्हर पुन्हा उभा करू शकेल.

सिंप्यूटर आज बाजारात नाही. त्याचे मोठेपण विकल्या गेलेल्या संख्येवरून मोजले, तर ते थोडके भरेल. परंतु यंत्र वापरणाऱ्या समाजाला त्या यंत्राची रचना व त्याची प्रणाली वाचण्याचा अधिकार असावा, हा त्याच्या कर्त्यांनी धरलेला आग्रह आज घरगुती सर्व्हरच्या संदर्भात अधिकच पटतो. ज्या पेटीत कुटुंबाच्या दोन-तीन पिढ्यांच्या आठवणी साठवायच्या, ती जागी कशी होते हे घरातील निदान दोघांना ठाऊक असावे. पाटीचे नाव, प्रतिमेची आवृत्ती, टाचण्यांची जोडणी आणि नक्कल ठेवलेली जागा एवढी माहिती एका कागदावर लिहून तो कागद पेटीखाली ठेवण्यास काही मिनिटेच लागतात. आणि वळवाच्या पावसात दिवे गेल्यानंतरच्या सकाळी तोच कागद सर्वांत आधी हाती लागतो.